२०२५ च्या मध्यात मुंबईत पेट्रोल १०३.५०, दिल्लीत ९४.७७ आणि परभणीत आणखी जास्त: महाराष्ट्रातल्या पेट्रोलच्या भावाचा हिशेब

हिशेबी

पेट्रोलच्या भावाची चर्चा निघाली की ती दोन वाक्यांत संपते: "क्रूड (कच्चं तेल) महागलं" किंवा "सरकार लुटतंय". दोन्हींत तथ्य आहे, पण महाराष्ट्रातल्या पंपावरचा आकडा या दोन्हींतून निघत नाही. या चर्चामंचावर तेल कंपन्या, त्यांचे साठवणुकीचे डेपो, वाहतूक आणि करखात्याशी संबंध असलेली बरीच मंडळी आहेत. म्हणून एकाच ठिकाणी पैशापैशाचा हिशेब मांडूया. खालचे भाव आणि करांचे दर २०२५ च्या जून-जुलैमधले आहेत.

सुरुवात दिल्लीपासून करते, कारण दिल्लीची फोड अधिकृतपणे जाहीर होते. कंपनी पंपचालकाला करांशिवाय जे पेट्रोल देते ते लिटरला ५३ रुपयांच्या आसपास पडतं. त्यावर केंद्राचा अबकारी कर २१.९०, पंपचालकाचं कमिशन सरासरी ४.४० आणि दिल्लीचा व्हॅट (राज्याचा विक्रीवरचा कर) १५.४०. बेरीज ९४.७७.

आता मुंबई. व्हॅट २५ टक्के, शिवाय लिटरमागे ५.१२ रुपये ठोक. १०३.५० मधून ५.१२ वजा केले की ९८.३८ उरतात. त्याला १.२५ ने भागलं की ७८.७० येतात. दिल्लीतही व्हॅट सोडून ७९ च्याच घरात रक्कम येते. म्हणजे राज्याचा कर लागण्याआधी दोन्ही शहरांतलं पेट्रोल जवळपास एकाच भावाचं आहे. पंपावर जो पावणेनऊ रुपयांचा फरक दिसतो तो जवळजवळ पूर्णपणे राज्याच्या कराचा आहे. दिल्ली साडेपंधरा रुपये घेते, महाराष्ट्र साडेचोवीसच्या आसपास.

यात क्रूडचा भाव कुठेच आलेला नाही, कारण क्रूड दोघांनाही सारखंच आहे. "पेट्रोल महाग का" आणि "आपल्याकडेच महाग का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे ठेवले नाहीत तर या धाग्याची खिचडी होईल.

माहुलकर

छान सुरुवात, हिशेबीताई. "५३ रुपये" हा आकडा कुठून येतो त्याबद्दल लिहितो, कारण मुंबईकरांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे.

माहुलला दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी आहेत. भारत पेट्रोलियमची वर्षाला १.२ कोटी टन क्षमतेची आणि हिंदुस्तान पेट्रोलियमची ९५ लाख टनांची. समोर समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. त्यामुळे "दारात तेल, दारात कारखाना, मग भाव असा का" हे विचारणं स्वाभाविक आहे.

उत्तर असं की रिफायनरीच्या दारातला भाव उत्पादनखर्चावरून ठरत नाही. २००६ पासून व्यापार-समतुल्य भाव वापरतात. त्यात ८० टक्के वजन "हे पेट्रोल आखातातून आयात केलं असतं तर काय पडलं असतं" याला, आणि २० टक्के वजन "निर्यात केलं असतं तर काय मिळालं असतं" याला. आयातीच्या हिशेबात आखाती बंदरातला तयार पेट्रोलचा भाव, जहाजभाडं, विमा, सीमाशुल्क आणि बंदराचा खर्च धरतात. पेट्रोल माहुललाच तयार झालेलं असलं तरी भाव आयातीच्या हिशेबानेच लागतो. मुंबई हायचं क्रूडसुद्धा ते काढणारी सरकारी कंपनी ओएनजीसी रिफायनरीला आंतरराष्ट्रीय भावाशी जोडूनच विकते. त्यामुळे "आपलं तेल" स्वस्त पडत नाही.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होतं: मापदंड तयार पेट्रोलचा आहे, क्रूडचा नाही. क्रूड जागच्या जागी राहूनही पेट्रोल महागू शकतं. मोठ्या रिफायनऱ्या देखभालीसाठी बंद झाल्या, किंवा अमेरिकेत उन्हाळ्यात गाड्यांचा वापर वाढला, की क्रूड आणि पेट्रोल यांच्या भावातली दरी रुंदावते. धंद्यात तिला क्रॅक म्हणतात. बातम्यांत ब्रेंट, म्हणजे क्रूडचा जागतिक भाव, दाखवतात, क्रॅक कोणी दाखवत नाही.

हिशेबाला सोपं पडावं म्हणून एक मोजपट्टी देतो. एका पिंपात १५९ लिटर असतात. डॉलर ८६ रुपयांना धरला तर पिंपामागे १ डॉलर वाढणं म्हणजे लिटरमागे ५४ पैसे. महाराष्ट्रात त्यावर २५ टक्के लागून पंपावर ते ६८ पैसे होतात. रुपयाचंही असंच आहे. पेट्रोलचा भाव पिंपाला ७८ डॉलर असेल आणि रुपया डॉलरमागे १ रुपयाने घसरला, तर लिटरमागे ४९ पैसे, पंपावर ६१.

वाचनमात्र

खूप दिवस पडलेला प्रश्न विचारतो. २०१४ च्या जूनमध्ये क्रूड ११० डॉलरच्या जवळ होतं आणि मुंबईत पेट्रोल ८० रुपयांच्या आसपास. २०२५ च्या जूनमध्ये क्रूड ७० आणि पेट्रोल १०३. हे वरच्या हिशेबात कसं बसवायचं?

हिशेबी

@वाचनमात्र, डॉलरचं लिटरमागच्या रुपयांत रूपांतर करा, बरंचसं कोडं तिथेच सुटतं.

२०१४ जून: १०९ डॉलर × ६० रुपये ÷ १५९ = लिटरला ४१ रुपये १० पैसे.
२०२५ जून: ७० डॉलर × ८६ रुपये ÷ १५९ = लिटरला ३७ रुपये ८५ पैसे.

डॉलरमध्ये क्रूड एक तृतीयांशाहून जास्त उतरलं, पण रुपयात मोजलं तर घट जेमतेम सव्वातीन रुपयांची. बाकीचं रुपयाच्या घसरणीने खाल्लं.

पुढचं गणित करांचं. पेट्रोलवरचा केंद्राचा अबकारी कर २०१४ मध्ये ९.४८ होता, २०२५ मध्ये २१.९०. फरक १२.४२. त्यावर राज्याचे २५ टक्के धरले तर साडेपंधरा रुपये. पंपचालकाचं कमिशन तेव्हा २ रुपयांच्या आसपास होतं, आता ४.४०. राज्याची ठोक ५.१२ तेव्हा या रूपात नव्हती. म्हणजे ८० वरून १०३ पर्यंतचा प्रवास जवळजवळ सगळा करांचा आहे. क्रूडने भाव थोडा खालीच ओढला असता.

जुना वाचक

पण अबकारी करातली ती वाढ जुन्या तेलरोख्यांची देणी फेडायला लागली ना?

लेखापाल

तेलरोखे खरे आहेत, पण एवढ्या वाढीचा खुलासा त्यांतून होत नाही. २००५ ते २०१० या काळात भाव दाबून ठेवल्याची भरपाई म्हणून कंपन्यांना रोखे दिले गेले. त्यातले सुमारे १ लाख ३० हजार कोटींचे रोखे २०१४ नंतर फेडायचे उरले होते, आणि त्यांवरचं व्याज वर्षाला १० हजार कोटींच्या आसपास होतं. उलट बाजूला पाहा: २०२०-२१ या एकाच वर्षात केंद्राला इंधनावरच्या अबकारी करातून ३ लाख ७० हजार कोटींच्या वर मिळाले. रोख्यांची अख्खी मुद्दल एका वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून बरीच कमी भरते.

आता अबकारीच्या २१.९० ची आतली फोड. यात मूळ अबकारी कर फक्त १.४० आहे. उरलेल्यात विशेष अतिरिक्त अबकारी १३ रुपये, कृषी अधिभार २.५०, रस्ते व पायाभूत सुविधा अधिभार ५ रुपये. राज्यांना केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा मिळतो, पण तो मूळ करातूनच. अधिभार आणि विशेष शुल्क वाटणीत येत नाहीत. म्हणजे २१.९० पैकी ५७ पैसे सगळ्या राज्यांत मिळून वाटले जातात. राज्यं स्वतःच्या व्हॅटला घट्ट धरून का बसतात, त्याचं मोठं कारण हे आहे.

पण नाण्याची दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर राज्य बिचारं वाटेल. महाराष्ट्राचा २५ टक्के व्हॅट हा अबकारीसकट रकमेवर लागतो. २१.९० चे २५ टक्के म्हणजे ५ रुपये ४८ पैसे. हा करावरचा कर आहे. केंद्राने अबकारी वाढवला की राज्याचं उत्पन्न आपोआप वाढतं. म्हणून केंद्राने कर वाढवला तर राज्य निषेध करतं, पण स्वतःची टक्केवारी मात्र तशीच ठेवतं. माझ्या मते टक्केवारीऐवजी लिटरमागे ठोक रक्कम ठेवली तर ग्राहकाला ते जास्त न्याय्य ठरेल. भाव चढला म्हणून राज्याची रस्त्यांची गरज त्या प्रमाणात चढत नाही.

हिशेबी

ठोक ५.१२ चा इतिहासही लिहाल का? ही रक्कम अशी विचित्र का, हे लोकांना कळत नाही.

लेखापाल

ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी म्हणून लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लागला. तात्पुरता म्हणून आलेला तो अधिभार मुक्कामाला राहिला आणि वाढत गेला. २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये दोन वेळा वाढून ११ रुपयांवर पोचला. त्या ऑक्टोबरमध्ये २ रुपयांनी उतरला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी कपात झाली. २०२० मध्ये टाळेबंदीत उत्पन्न आटल्यावर पुन्हा वाढवून जूनपासून १०.१२ केला. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने ५ रुपये कमी केले आणि ५.१२ उरले. मधल्या काळात दुष्काळ गेले, पाऊस चांगला झाला, अधिभार कधी शून्य झाला नाही.

टक्केवारीतला शेवटचा बदल १ जुलै २०२४ चा. तोपर्यंत मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के होते, उरलेल्या महाराष्ट्रात २५. तो फरक काढून टाकला. डिझेलवर मुंबई पट्ट्यात २४ होते, ते इतरांसारखे २१ केले.

डेपोवाला

परभणीचा मुद्दा शीर्षकात आहे, त्यावर लिहितो. मराठवाड्यातले लोक विचारतात की कर सगळ्या राज्यात सारखाच, मग परभणीत मुंबईपेक्षा तीनेक रुपये जास्त कसे?

कारण वाहतूक. मुंबईतून तयार माल दोन मोठ्या वाटांनी राज्यात आत जातो. भारत पेट्रोलियमची नळवाहिनी मनमाडजवळच्या पानेवाडीला येते आणि तिथून पुढे मध्य प्रदेश करत दिल्लीकडे जाते. हिंदुस्तान पेट्रोलियमची नळवाहिनी पुण्याजवळ लोणी काळभोरला आणि पुढे सोलापूरजवळ पाकणीला जाते. नळवाहिनी हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. त्यानंतर रेल्वेचे टँकर, आणि सगळ्यांत महाग रस्त्यावरचे. म्हणून नळवाहिनीच्या टोकापासून तुमचा पंप जितका लांब, तितका भाव जास्त. पानेवाडीहून परभणी रस्त्याने ३०० किलोमीटरच्या आसपास. मधे मोठा डेपो नाही. नागपूर मुंबईपासून कितीतरी लांब आहे, पण तिथे खापरी-बोरखेडीला डेपो असल्यामुळे नागपूरचा भाव परभणीपेक्षा कमी असतो. भावाच्या दृष्टीने मुंबईचं अंतर महत्त्वाचं नाही, डेपोचं अंतर महत्त्वाचं.

टँकरचं भाडं आरटीकेएमवर, म्हणजे जाऊन-येऊन किलोमीटरवर निघतं. येताना टँकर रिकामाच येतो, पेट्रोलच्या टाकीत परतीचा दुसरा माल भरता येत नाही. तो रिकामा फेराही तुमच्या लिटरमध्ये आहे.

आता त्यावर कर कसा चढतो ते बघा. वाहतूक ही करपात्र किमतीचाच भाग आहे. वाहतुकीला १ रुपया जास्त लागला की पंपावर सव्वा रुपया वाढतो. परभणीकर लांब राहतो म्हणून वाहतूक जास्त देतो, आणि लांब राहतो म्हणूनच राज्याला करही मुंबईकरापेक्षा जास्त देतो. तीन रुपयांच्या फरकात साठ पैसे नुसत्या कराचे आहेत. हे मला मनापासून खटकतं. सगळ्यात मागास जिल्ह्यांनी लिटरमागे सगळ्यात जास्त कर भरायचा, ही रचना मुद्दाम कोणी केलेली नाही, पण बदलायलाही कोणी तयार नाही.

मराठवाडी

डेपोवाले काका, मग एकाच शहरात तीन सरकारी कंपन्यांच्या पंपांवर पाच-दहा पैशांचा फरक का असतो?

डेपोवाला

कारण तिघांचे डेपो वेगळे, पंपाचं डेपोपासूनचं अंतर वेगळं. एकाच कंपनीच्या शहरातल्या दोन पंपांतही पैशांचा फरक पडू शकतो. तो भेसळीचा किंवा लबाडीचा पुरावा नाही. आपल्या पंपाचा भाव ताडून पाहायचा असेल तर इंडियन ऑइलच्या पंपासाठी आरएसपी ही तीन इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि पंपाचा कोड असा संदेश ९२२४९९२२४९ वर पाठवा. कोड पंपावर फलकावर लिहिलेला असतो. नवा भाव सकाळी ६ ला लागू होतो, त्यामुळे रात्रीच्या बातमीतला भाव आणि पहाटे साडेपाचचा पंपावरचा भाव जुळणार नाही.

अवांतर: नळवाहिनीतून पेट्रोल, डिझेल, केरोसीन एकामागोमाग सोडतात, मधे भिंत नसते. जिथे दोन मालांची सरमिसळ होते तो पट्टा वेगळा काढून पुन्हा रिफायनरीत पाठवावा लागतो. तो खर्चही वाहतुकीतच मोजला जातो. तरी नळवाहिनी रस्त्यापेक्षा स्वस्तच.

सीमावासी

राज्याच्या सीमेवरच्या नवापूर, तलासरी, बांदा इथल्या पंपांचं काय होतं त्यावर थोडं. गुजरातचा पेट्रोलवर व्हॅट १३.७ टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. उपकर व्हॅटसकट रकमेवर असल्यामुळे दोन्ही मिळून १८.२५ टक्के होतात. तिकडे ठोक रक्कम नाही. म्हणून सीमेपलीकडे पेट्रोल सुमारे नऊ रुपयांनी स्वस्त. गोव्यात २१.५ टक्के आणि अर्धा टक्का हरित उपकर, त्यामुळे गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या पलीकडे सात-आठ रुपयांनी स्वस्त.

सगळ्याच सीमांवर असं नाही. तेलंगणात ३५.२ टक्के व्हॅट आहे, हैदराबादला भाव १०७ च्या वर. मध्य प्रदेशात भोपाळ १०६ च्या पुढे. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये २९.८४ टक्के केला, त्यामुळे सीमेवरच्या कागल-निपाणीचा फरक आता रुपया-दोन रुपयांवर आला. महाराष्ट्र देशात सगळ्यात महाग आहे असं सर्रास म्हणतात, ते खरं नाही. महागांच्या रांगेत आहे, पुढे इतर आहेत.

डिझेलचं चित्र निराळं आहे. महाराष्ट्रात २१ टक्के, ठोक काही नाही (जुलै २०२२ ला ३ रुपये काढले तेव्हा ती संपली). गुजरातचा व्हॅट आणि उपकर मिळून साडेएकोणीस. म्हणजे डिझेल दोन्हीकडे ९० रुपयांच्या आसपास. पेट्रोलमध्ये नऊ रुपयांचा फरक आणि डिझेलमध्ये जवळजवळ काही नाही, हे योगायोगाने झालेलं नसावं. मालमोटारीची टाकी ३००-४०० लिटरची असते, ती एकदा गुजरातेत वापीला भरली की नागपूरपर्यंत महाराष्ट्रात थांबायची गरज नाही. डिझेल महाग ठेवलं तर विक्री आणि कर दोन्ही बाहेर जातात. पेट्रोलचं गिऱ्हाईक दुचाकीवाला, त्याची टाकी दहा-बारा लिटरची, तो नाशिकहून वापीला पेट्रोल भरायला जात नाही. पळू न शकणाऱ्यावर कर जास्त, असं माझं मत.

पणजीकर

गोव्याचा एक दाखला जोडतो. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून थेट ०.१ टक्क्यावर आणला. भाव एका रात्रीत लिटरला ११ रुपयांनी उतरून ५५ च्या घरात आला. सिंधुदुर्ग आणि कारवारच्या गाड्या गोव्यात टाक्या भरू लागल्या. पण ते टिकलं नाही, पुढे टप्प्याटप्प्याने व्हॅट पुन्हा वाढला. राज्य मनात आणेल तर किती उतरवू शकतं आणि ते किती काळ पेलू शकतं, दोन्ही त्यातून कळतं. गोव्याला पर्यटक येतात, पेट्रोलची विक्री वाढून थोडी भरपाई होते. महाराष्ट्राच्या आकाराच्या राज्याला शेजारच्या राज्यातून तेवढी गिऱ्हाइकं मिळणार नाहीत.

वाचनमात्र

भाव रोज बदलतात असं म्हणतात, पण २०२५ मध्ये मुंबईचा आकडा महिनोन् महिने तोच होता. हे कसं?

माहुलकर

कागदावर पेट्रोलचा भाव जून २०१० पासून मुक्त आहे, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ पासून. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ ला भाव बदलायची पद्धत आली. त्याआधी महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलत.

प्रत्यक्षात ६ एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी रोजचा बदल थांबवला. त्याआधी ४ नोव्हेंबर २०२१ ते २१ मार्च २०२२ भाव गोठलेले होते. पाच राज्यांच्या निवडणुकांचे निकाल १० मार्चला लागले, २२ मार्चपासून सोळा दिवसांत १४ वेळा वाढ होऊन भाव १० रुपयांनी चढला. मुंबई १२०.५१ ला पोचली. त्यानंतर जे बदल झाले ते मुख्यतः कराचे: मे २०२२ मध्ये केंद्राने ८ रुपये कमी केले, जुलैमध्ये राज्याने ५. २०२५ च्या मध्यापर्यंत कंपन्यांनी स्वतःहून केलेला मोठा बदल एकच, १५ मार्च २०२४ ची २ रुपयांची कपात.

गोठवलेल्या भावाचा अर्थ असा की क्रूड चढलं की तोटा कंपनी सोसते, आणि उतरलं की फायदाही तिच्याकडेच राहतो. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींच्या वर तोटा झाला. २०२३-२४ मध्ये त्याच तिघांना मिळून जवळपास ८१ हजार कोटींचा नफा. म्हणून "क्रूड उतरलं, भाव का उतरत नाही" याचं २०२५ मधलं उत्तर: कारण भाव क्रूडला बांधलेलाच नाही, कंपनीची जुनी खोट आणि केंद्राची गरज यांना बांधलेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये क्रूड घसरलं तेव्हा केंद्राने अबकारी २ रुपयांनी वाढवला आणि पंपावरचा भाव तसाच ठेवला. वर दिलेला २१.९० चा आकडा तिथून आला. ग्राहकाला काही कळलंच नाही, कारण आकडा हलला नाही.

वरची ५४ पैशांची मोजपट्टी त्यामुळे भाव गोठलेला असेल तेव्हा पंपावर दिसणार नाही. ती कंपनीच्या नफ्यात दिसेल.

ऊसकरी

इथेनॉलबद्दल कोणीच लिहिलं नाही. २० टक्के इथेनॉल मिसळतात, तेही आपल्या कारखान्यांचं, मग भाव उतरायला हवा होता ही तक्रार सारखी ऐकू येते.

इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त नाही. २०२४-२५ च्या हंगामाचे खरेदीदर असे: सी-हेवी (साखर जवळजवळ पूर्ण काढलेल्या) मळीपासूनचं ५७.९७, बी-हेवी (थोडी जास्त साखर उरलेल्या) मळीपासूनचं ६०.७३, थेट उसाच्या रसापासूनचं ६५.६१, आणि मक्यापासूनचं ७१.८६. यावर ५ टक्के जीएसटी आणि वाहतूक. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं की सरासरी लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडतं. करांशिवायच्या पेट्रोलच्या ५३ च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. काही वर्षांपूर्वी क्रूड चढं आणि इथेनॉल उतरं असताना चित्र वेगळं होतं. मग मक्याचा दर वाढत गेला आणि उलटं झालं.

एक बाजू मात्र सांगायला हवी. मिश्रणातल्या इथेनॉलवर अबकारी कर लागत नाही, तो फक्त पेट्रोलच्या भागावर भरलेला असतो. त्यामुळे जास्तीची किंमत थोडीफार भरून निघते. ग्राहकाचं नुकसान दुसरीकडे आहे: इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा ६-७ टक्क्यांनी कमी. सरासरी मायलेजमध्ये पूर्ण तेवढी घट दिसेलच असं नाही, इंजिन कसं जुळवलेलं आहे त्यावर ते ठरतं. पण प्रति किलोमीटर खर्च काढायचा असेल तर नुसता लिटरचा भाव पाहून चालणार नाही.

मी ऊस उत्पादक भागातला आहे आणि इथेनॉलमुळे कारखान्यांकडून एफआरपी (उसाचा ठरवून दिलेला किमान भाव) वेळेवर मिळायला मदत झाली हे मानतो. पण तो शेतीच्या बाजूचा फायदा आहे. पेट्रोल स्वस्त करण्याचा मार्ग म्हणून त्याची जाहिरात करू नये.

जुना वाचक

पेट्रोल जीएसटीत घातलं की सगळं सुटेल ना?

लेखापाल

थोडक्यात: घटनेत तशी सोय आहे. १०१ व्या दुरुस्तीने पेट्रोल, डिझेल, क्रूड, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन जीएसटीच्या चौकटीत आहेत, फक्त कधीपासून लागू करायचं ते जीएसटी परिषदेने ठरवायचं. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत विषय आला आणि "ही वेळ नाही" म्हणून बाजूला ठेवला गेला. २०२५ च्या या भावांत केंद्र आणि महाराष्ट्र मिळून ५७ रुपयांच्या मालावर ४६ रुपयांच्या वर घेत होते, म्हणजे ८० टक्के. जीएसटीचा कुठलाही दर याच्या जवळपास नाही. उरलेली खोट कोणी भरायची, यावर गाडी अडते. त्यातून जीएसटी आला तरी वर वेगळा उपकर येईल असं मला वाटतं.

पंपचालकांच्या बाजूने

कमिशनबद्दल वर एका ओळीत आटोपलं. ते ठरतं किलोलिटरमागे (हजार लिटरमागे) एक ठोक रक्कम अधिक मालाच्या बिलाच्या रकमेचा थोडा टक्का, अशा सूत्राने. ऑगस्ट २०१७ च्या सूत्रात पेट्रोलला किलोलिटरमागे १८६८ रुपये आणि वर ०.८७५ टक्के होते. नंतरची वाढ थेट ३० ऑक्टोबर २०२४ ला झाली. मधली सात वर्षं वीज, पगार, कार्डाचा खर्च वाढत गेला. यातूनच बाष्पीभवनाची घटही सोसायची असते, आणि मे महिन्यात विदर्भात ती लहान नसते.

लोक ज्याकडे पाहत नाहीत ती गोष्ट करकपातीची रात्र. पंपाच्या टाकीतल्या मालावर अबकारी आणि व्हॅट आधीच भरलेला असतो, कारण माल रोख किंवा आगाऊ पैशाने उचलतात. मे २०२२ ची कपात शनिवारी संध्याकाळी जाहीर झाली आणि रविवारी सकाळी ६ ला लागू झाली. टाकीत २० हजार लिटर पेट्रोल असेल आणि भाव ९ रुपयांनी उतरला, तर १ लाख ८० हजारांचा तोटा एका रात्रीत. तेव्हाचं कमिशन लिटरला पावणेचार रुपये धरलं तर तो भरून काढायला ४८ हजार लिटर विकावे लागतात. म्हणून कपातीची कुजबुज सुरू झाली की चालक माल कमी उचलतात आणि पंपांवर "पेट्रोल नाही"च्या पाट्या लागतात. भाव वाढतो तेव्हा टाकीतल्या मालावर फायदा होतो हेही खरं आहे, पण वाढ पैशांनी होत आली आणि कपात रुपयांनी.

मराठवाडी

म्हणजे आमच्या गावाला वाहतूक किती लागते ते आम्हालाच काढता येईल का?

डेपोवाला

येईल. तुमच्या पंपाचा त्याच दिवशीचा भाव घ्या, त्यातून मुंबईचा वजा करा, उरलेल्याला १.२५ ने भागा. ठोक ५.१२ दोन्हीकडे असल्यामुळे ते आपोआप कटतं. समजा फरक ३ रुपये आला, तर २.४० वाहतुकीचे आणि ६० पैसे त्यावरच्या व्हॅटचे. साधंच पेट्रोल घ्या, प्रीमियमचा भाव घेऊ नका, कारण त्यावर मूळ अबकारी १.४० ऐवजी २.६० आहे आणि कंपनी वर आणखी रक्कम लावते, हिशेब चुकेल. खाजगी कंपन्यांच्या पंपांचा भावही यात धरू नका, ते आपला भाव स्वतः ठरवतात. हीच रीत डिझेलला वापरायची असेल तर १.२५ च्या जागी १.२१ घ्या.